एक चिठ्ठी की दोन? समांतर संगणनातल्या कामवाटपाचं गणित

वडगावकर

बेळगावातल्या एका जुन्या वाचनालयाची साप्ताहिकं स्कॅन होऊन पडली आहेत. ती ओसीआरमधून (छापील पानाच्या चित्रातली अक्षरं ओळखणारा प्रोग्रॅम) काढायचं काम आम्ही घेतलंय. पानं ३२,००० धरा. कॉलेजची लॅब उन्हाळी सुट्टीत मोकळी आहे, तिथं ३२ मशीन. सरळ मराठी छपाईचं पान ५ सेकंदांत होतं. पण अंक आठ पानी, आणि शेवटचं पान जाहिरातींचं. वर मराठीत कापडदुकान, शेजारी कन्नडमध्ये सिनेमा, खाली इंग्रजीत सायकलींचा एजंट, त्यात टाइप आडवे-तिडवे. त्या पानाला ४० सेकंद धरा.

पोरांना पहिल्यांदा सुचलं ते सगळ्यांनाच सुचतं: पहिलं पान पहिल्या मशीनला, दुसरं दुसऱ्याला, तेहतिसावं परत पहिल्याला. यापेक्षा न्याय्य वाटप ते कुठलं? प्रत्येकाला मोजून १००० पानं. आता गंमत बघा. ३२ ला ८ नं भाग जातो. म्हणजे जाहिरातीचं एकूण एक पान ८, १६, २४ आणि ३२ नंबरच्या मशीनच्याच माथी. त्या चौघांना १००० गुणिले ४० सेकंद, म्हणजे अकरा तास. बाकीची अठ्ठावीस दीड तासाच्या आत मोकळी. एकूण काम ३ लाख सेकंदांचं, ते सारखं वाटलं गेलं तर २ तास ३६ मिनिटांत आटपायला हवं. शेवटचं मशीन थांबेल तेव्हाच काम संपलं म्हणायचं, त्यामुळं इथं सरासरी काय आहे याला काडीची किंमत नाही.

उपाय म्हणजे चिठ्ठ्या. प्रत्येक पानासाठी १ ते ३२ मधला एक आकडा रँडम काढायचा आणि पान त्या मशीनला द्यायचं. मग प्रत्येकाच्या वाट्याला १२५ च्या आसपास जाहिरातपानं येतात. एका मशीनच्या एकूण वेळेचं प्रमाण विचलन (सरासरीपासून साधारण किती मागंपुढं) सुमारे ४७० सेकंद निघतं, आणि ३२ जणांतलं सगळ्यांत रखडणारं मशीन सरासरीच्या साधारण दोन विचलनं वर असतं. म्हणजे पावणेतीन-तीन तास. पानात काय आहे ते न बघता, कुठल्या मशीनवर किती पडलंय ते न विचारता, अकराचे तीन झाले.

पण खरं गणित पुढं आहे. पानं विसरा. समजा म मशीन आहेत आणि कामंही म च आहेत, सगळी सारखी. प्रत्येक काम डोळे मिटून टाकलं. एखादं मशीन रिकामं राहण्याची शक्यता (१ − १/म) चा म वा घात. म मोठा झाला की ती १/ई होते (ई म्हणजे २.७१८), म्हणजे ३६.८ टक्के. तिसऱ्या हिश्श्याहून जास्त मशीन बसून. आणि दुसऱ्या टोकाला? ठरावीक एका मशीनवर क किंवा जास्त कामं पडण्याची शक्यता १/क! पेक्षा जास्त नसते (क! म्हणजे १ पासून क पर्यंतच्या आकड्यांचा गुणाकार). मशीन म आहेत, तेव्हा म/क! हा आकडा १ च्या खाली उतरेपर्यंत क वाढवायचा. दहा लाख मशीन घ्या: ९! म्हणजे ३,६२,८८० आणि १०! म्हणजे ३६,२८,८००. तेव्हा सगळ्यांत लादलेल्या मशीनवर नऊच्या आसपास कामं असणार. काटेकोर हिशेबानं ८ किंवा ९ येतात. सरासरी १ असताना!

आता एकाऐवजी दोन चिठ्ठ्या काढा. त्या दोन मशीनना विचारा, 'तुझ्याकडं किती?', आणि कमी असेल त्याला काम द्या. दहा लाख मशीनना कमाल भार ४ येतो. कुणी म्हणेल, निम्मा झाला, त्यात काय एवढं? मग मशीन लाख कोटी करा. एका चिठ्ठीत कमाल १४-१५ वर जाते. दोन चिठ्ठ्यांत ५ च्या वर जात नाही. एक आकडा चढत जातो, दुसरा जवळजवळ जागचा हलत नाही.

का? एखाद्या मशीनवर तिसरं काम चढायचं तर दोन्ही चिठ्ठ्या आधीच दोन कामं असलेल्या मशीनच्या निघाल्या पाहिजेत. दोन किंवा जास्त कामं असलेली मशीन निम्म्याहून जास्त असूच शकत नाहीत, कारण कामंच म आहेत. तेव्हा तीनवाली जास्तीत जास्त १/२ चा वर्ग, १/४. चारवाली १/१६. पाचवाली १/२५६. सहावाली १/६५,५३६. सातवाली चारशे कोटींत एक. प्रत्येक पायरीला वर्ग. एका चिठ्ठीत पायरीगणिक फक्त क नं भागलं जातं, इथं अपूर्णांक स्वतःलाच गुणतो. म्हणून एका चिठ्ठीचं उत्तर लॉग म भागिले लॉग लॉग म असं वाढतं आणि दोन चिठ्ठ्यांचं नुसतं लॉग लॉग म भागिले लॉग २. (लॉग सगळे नैसर्गिक.)

---

निपाणी_फाटा

सर, लई भारी लिवलासा. खरं एक कळंना. दोघास्नी इचारायचं तर सगळ्यास्नीच इचारा की ओ. ज्येच्याकडं सगळ्यात कमी त्येला द्या, मिटलं. चिठ्ठ्या कशाला टाकुलालासा?

---

काकतीचा_किल्लेदार

शीर्षक बघून वाटलं कुणाची तरी भिशी फुटली. :) वाचतोय.

---

पिरनवाडी

@निपाणी_फाटा, हा प्रश्न मला नोकरीच्या पहिल्या वर्षी पडला होता. (सध्या मुक्काम बेंगळुरू, काम हेच: आलेल्या विनंत्या सर्व्हरांवर वाटणे.)

पहिलं कारण खर्चाचं. हजार सर्व्हर असतील तर एका कामासाठी हजार जणांना विचारायचं, हजार उत्तरं गोळा करायची. विचारण्यातच जीव जातो. दोघांना विचारणं हजारात पण दोघांनाच विचारणं असतं.

दुसरं कारण जास्त वाईट आहे. उत्तर तुमच्यापर्यंत येतं तोवर ते शिळं झालेलं असतं. आणि वाटणारे तुम्ही एकटे नसता; पन्नास वाटणारे असतात. पन्नासही जणांच्या तक्त्यात या घडीला सातव्या नंबरचा सर्व्हर सगळ्यांत मोकळा दिसतो. पन्नासही जण आपापली कामं सातव्यावर ओततात. पुढचा तक्ता येतो तेव्हा सातवा आडवा झालेला असतो आणि सगळे मिळून अकराव्याकडं धावतात. नवीन सर्व्हर जोडला की हे डोळ्यांनी बघायला मिळतं: त्याचा भार शून्य, म्हणून सगळ्यांचा लाडका, आणि उभा राहायच्या आतच कोसळतो. मायकेल मिट्झेनमाकर या संगणकशास्त्रज्ञानं शिळ्या माहितीवर वेगळा अभ्यास केलाय. निष्कर्ष असा की माहिती शिळी असेल तर 'सगळ्यांत मोकळा शोधा' हे धोरण साध्या आंधळ्या चिठ्ठीपेक्षाही वाईट ठरू शकतं. दोन चिठ्ठ्यांत तो कळप फुटतो, कारण प्रत्येक वाटणाऱ्याची जोडी वेगळी निघते.

एनजिनएक्स या वेबसर्व्हरमध्ये २०१८ च्या १.१५.१ आवृत्तीपासून हे तयार मिळतं: दोन सर्व्हर रँडम घे, कमी जोडण्या असलेला निवड. एचएप्रॉक्सी आणि एन्व्हॉय या विनंत्या वाटणाऱ्या प्रोग्रॅममध्येही आहे.

---

निपाणी_फाटा

हां, आत्ता डोक्यात शिरलं. आमच्याकडं ऊस हंगामात हेच हुतंय. कुणाचा तरी फोन येतो, अमक्या कारखान्याच्या काट्यावर गर्दी न्हाई. संकेश्वर काय, चिकोडी काय, सगळे ट्रॅक्टर तिकडंच वळतात. दोन ट्रॉल्या लावून तिथं पोचंपर्यंत काट्यापुढं मैलभर रांग. आणि जो कारखाना सोडून आलो, त्यो मोकळा. रात्र रस्त्यावर. उसाचं वजन घटतंय ते येगळंच.

---

गणेशपूरच्या_मॅडम

दादा, दाखला चपखल आहे, पण तो कळपाच्या मुद्द्यापुरताच ठेवा. ट्रॅक्टरवाला दोन कारखाने चिठ्ठी टाकून निवडत नाही. जवळचा बघतो, ओळखीचा बघतो, नोंद कुठं आहे ते बघतो. वडगावकरांच्या गणितात सगळा जोर 'चिठ्ठी निःपक्षपाती आणि एकमेकींपासून स्वतंत्र' यावर आहे. ते गेलं की वर्गाची ती शिडीही गेली.

वडगावकर सर, तुमची १/४, १/१६ ही शिडी विद्यार्थ्यांसाठी छान आहे, पण परीक्षेत मी तिला पूर्ण गुण देणार नाही. तिसऱ्या कामाची शक्यता १/४ 'पेक्षा जास्त नाही' इथंवर ठीक. पण तीनवाल्या मशीनची *प्रत्यक्ष* संख्या त्या सरासरीच्या आसपासच राहिली हे आधी दाखवायला हवं, तेव्हाच चारवालीला हात घालता येईल. आणि 'तीनवाली कमीच होती' असं गृहीत धरलं की पुढच्या चिठ्ठ्यांची शक्यता किंचित बदलते. योसी अझर, आंद्रेई ब्रोडर, ॲना कार्लिन आणि एली अपफाल यांनी १९९४ मध्ये हेच नीट बांधलं. प्रत्येक थराला चेर्नॉफची मर्यादा (संख्या सरासरीपासून फार लांब जाण्याची शक्यता किती कमी ते सांगणारी) लावायची, चूक होण्याची शक्यता त्या थरात किती ते टिपून ठेवायचं, आणि सगळ्या थरांच्या चुका शेवटी बेरजेत धरायच्या. अगदी वरच्या थरांत मशीनच इतकी थोडी उरतात की चेर्नॉफ लागू पडत नाही, तिथं साधी बेरजेची मर्यादा वापरावी लागते. सिद्धतेतली खरी मेहनत त्या शेवटच्या दोन-तीन पायऱ्यांत आहे. त्याच्याही आधी, १९९२ मध्ये, कार्प, लुबी आणि मायर आउफ डर हाइडे यांनी समांतर यंत्राची स्मृती वाटताना दोन हॅश फलनं (पत्त्यावरून जागा ठरवणारी सूत्रं) वापरून हा परिणाम पकडला होता.

दुसरी वाट मला जास्त आवडते. काळ ० पासून १ पर्यंत वाहतोय आणि कामं पाण्यासारखी ओतली जाताहेत असं धरा. एक किंवा जास्त कामं असलेल्या मशीनचा हिस्सा स१. नवीन काम रिकाम्या मशीनवर पडत नाही ते फक्त दोन्ही चिठ्ठ्या भरलेल्या मशीनच्या निघाल्या तरच. म्हणून स१ चा वाढीचा दर = १ − स१ चा वर्ग. बारावीचं समीकरण आहे हे! उत्तर: स१ = टॅनएच(काळ), म्हणजे हायपरबोलिक टॅन्जंट; काळ १ ला ०.७६१६. म्हणजे दोन चिठ्ठ्यांत रिकामी मशीन २३.८ टक्के, ३६.८ नव्हे. पुढच्या पायऱ्याही तशाच मांडायच्या, त्या मात्र संगणकावर सोडवाव्या लागतात:

दोन किंवा जास्त: ०.२२९५ (एका चिठ्ठीत ०.२६४)
तीन किंवा जास्त: ०.००८९ (एका चिठ्ठीत ०.०८०)
चार किंवा जास्त: दहा लाखांत सुमारे ६ (एका चिठ्ठीत दहा लाखांत जवळपास १९,०००)

शेवटची ओळ दोनदा वाचा. आणि हो, लॉग म भागिले लॉग लॉग म हे फक्त मुख्य पद आहे. दहा लाखाला त्यातून ५.३ येतात, खरे ८-९. सूत्रात आकडे घालून कुणी सर्व्हर विकत घ्यायला जाऊ नये.

---

पिरनवाडी

मॅडम, तुम्ही ती वाहती वाट काढलीत म्हणून रांगांचं सांगतो, कारण आमच्याकडं कामं एकदाच पडून थांबत नाहीत, येत राहतात आणि संपत राहतात.

समजा प्रत्येक सर्व्हर सरासरी ९० टक्के गुंतलेला आहे. आवक पॉयसाँ (कामं कधीही, एकमेकांशी संबंध न ठेवता येतात), सेवेचा वेळ घातांकी (बरीच कामं छोटी, थोडी लांबलचक), सर्व्हर भरपूर. एका कामाचा सरासरी सेवावेळ १ एकक. आंधळ्या चिठ्ठीत कामाला आत आल्यापासून बाहेर पडेपर्यंत सरासरी १० एककं लागतात. दोन चिठ्ठ्यांत २.६. तीन चिठ्ठ्यांत २.०.

९९ टक्के गुंतलेले असतील तर? १००, ५.४, ३.९.

पहिली उडी आणि दुसरी उडी यांतला फरक बघा. अक्कल फक्त एका जादा चौकशीची लागते; तिसरीला हात आखडता घेतला तरी चालतं. कारण रांगेत क किंवा जास्त कामं असण्याची शक्यता एका चिठ्ठीत सर्व्हर किती गुंतलेला आहे त्या हिश्श्याच्या (इथं ०.९) क व्या घाताएवढी असते. दोन चिठ्ठ्यांत तो घात (२ चा क वा घात वजा १) होतो. क पाचला घात ३१. ०.९ चा पाचवा घात ०.५९, एकतिसावा ०.०३८.

हे व्वेदेन्स्काया, दोब्रुशिन आणि कार्पेलेविच यांनी १९९६ मध्ये रशियात काढलं. त्याच वर्षी बर्कलीला मिट्झेनमाकरचा प्रबंध आला. एकाच वेळी दोन टोकांना. एसीएम या संगणकशास्त्रज्ञांच्या संघटनेचा २०२० चा कानेलाकिस पुरस्कार अझर, ब्रोडर, कार्लिन, मिट्झेनमाकर आणि अपफाल या पाच जणांना याच कामासाठी मिळाला.

---

मच्छे_बॉय

सर, मी इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. दोन मशीनचा भार सारखाच निघाला तर? नाणं उडवायचं?

आणि दुसरं: कामं जेवढी तेवढीच मशीन असं सगळीकडं धरलंय. तुमची तर ३२,००० पानं आणि ३२ मशीन. तिथं लॉग लॉग कुठं उरतो?

---

गणेशपूरच्या_मॅडम

दुसऱ्याचं उत्तर आधी, कारण ते मोठं आहे. कामं मशीनपेक्षा कितीही पट असली तरी दोन चिठ्ठ्यांत कमाल आणि सरासरी यांतला फरक लॉग लॉग म च्या घरातच राहतो. कामांच्या संख्येशी त्या फरकाचा संबंधच नाही. हे २००० मध्ये बेरेनब्रिंक, चुमाई, स्टेगर आणि फॉकिंग यांनी सिद्ध केलं, आणि सिद्धता सोपी नाही. एका चिठ्ठीत मात्र कामं वाढतील तसा फरक वर्गमुळानं वाढत जातो. सरांच्या लॅबमध्ये पानं सारखी असती तर: एका चिठ्ठीत सगळ्यांत लादलेल्या मशीनवर १०६५ च्या आसपास, दोन चिठ्ठ्यांत १००० पेक्षा दोन-तीन पानं जास्त.

आता बरोबरीचं. नाणं उडवलं तर वरचंच उत्तर येतं. पण फॉकिंगनं १९९९ मध्ये एक विचित्र गोष्ट दाखवली. मशीनचे दोन गट करा, डावा आणि उजवा. एक चिठ्ठी डाव्यातून, एक उजव्यातून. बरोबरी झाली की *नेहमी* डाव्याला द्या. सरळसरळ पक्षपात. आणि कमाल भार कमी होतो! छेदात लॉग २ (०.६९) होता, तिथं २ गुणिले लॉग १.६१८, म्हणजे ०.९६ येतं. १.६१८ ओळखलंत ना? डाव्याचा वरचा थर उजव्यावर अवलंबून, उजव्याचा डाव्याच्या खालच्या थरावर, अशी एकाआड एक साखळी होते आणि त्यातून फिबोनाची बाहेर पडतो. दुप्पट-दुप्पट होणारा घात आता अर्ध्या पायरीला फिबोनाचीनं वाढतो. प्रत्यक्षात दहा लाख मशीनना यातून फार तर ४ चे ३ होतील. लॅबसाठी निरुपयोगी. पण सुंदर आहे, म्हणून लिहिलं.

---

काकतीचा_किल्लेदार

डावं-उजवं करून कमी होणारी भांडणं पहिल्यांदाच बघतोय. सीमाभागात राहून!

---

वडगावकर

किल्लेदार, तो विषय या धाग्यावर नको, नाहीतर धागा कुलुपबंद होईल आणि पानं तशीच राहतील. :)

मच्छे_बॉय, मॅडमनी 'पानं सारखी असती तर' म्हटलं, तिथंच आमचं घोडं पेंड खातं. दोन चिठ्ठ्या पानं *मोजतात*. एका मशीनकडं दहा पानं बाकी आहेत, दहाही जाहिरातीची. दुसऱ्याकडं बारा साधी. मोजणी म्हणते, पहिल्याला द्या. पहिल्याकडं ४०० सेकंदांचं काम आहे, दुसऱ्याकडं ६०. शेवटच्या पानावर जाहिराती असतात हे इथं आपल्याला माहीत तरी आहे. पण वाळवीनं खाल्लेलं पान, ओल लागून उलट बाजूची शाई उमटलेलं पान, आधी कसं ओळखणार? ओसीआर संपल्यावरच कळतं.

म्हणून मी पोरांना उलटं शिकवलं. काम मशीनकडं पाठवूच नका. मोकळ्याला काम शोधू द्या. याला काम चोरणं म्हणतात. रॉबर्ट ब्लूमोफ आणि चार्ल्स लायझरसन यांनी १९९४ मध्ये याचं गणित मांडलं, आणि एमआयटीतली सिल्क ही प्रणाली त्याच्यावर उभी राहिली. प्रत्येक मशीनकडं आपल्या कामांची दुतोंडी रांग. स्वतःचं काम ते एका तोंडानं काढतं. रांग संपली की बाकीच्यांतून *एक मशीन रँडम* निवडायचं आणि त्याच्या रांगेच्या दुसऱ्या तोंडाचं काम उचलायचं. तिथं काही नसेल तर परत चिठ्ठी.

यातली खुबी अशी की वाटपाचा खर्च रिकामटेकड्यावर पडतो. ज्याच्याकडं काम आहे त्याला कुणाला काही विचारावं लागत नाही. तुमच्या दोन चिठ्ठ्यांत प्रत्येक कामामागं दोन चौकश्या, इथं काम भरपूर असतं तोवर चौकशी जवळजवळ शून्य. शिवाय दुसऱ्या तोंडानं उचलल्यामुळं मालक आणि चोर सहसा समोरासमोर येत नाहीत. रांगेत एकच काम उरलं तरच दोघांची ओढाताण.

प्रमेय म्हणतं: अपेक्षित वेळ = एकूण काम भागिले मशीन, अधिक सगळ्यांत लांब साखळीचा स्थिर पट. साखळी म्हणजे एकामागून एकच करता येईल अशी कामं. आमची पानं एकमेकांवर अवलंबून नाहीत, म्हणून साखळी म्हणजे सगळ्यांत जड एक पान, ४० सेकंद. तेव्हा २ तास ३६ मिनिटं, आणि वर शेपूट फार तर काही मिनिटांचं.

---

गणेशपूरच्या_मॅडम

आणि त्या सिद्धतेत सरांच्या पहिल्या पोस्टमधला १/ई परत भेटतो. म चोरांनी म रांगांवर चिठ्ठ्या टाकल्या की एखादी ठरावीक रांग कुणाच्याच चिठ्ठीत न येण्याची शक्यता १/ई च्या आसपास. म्हणजे म चोऱ्यांच्या एका फेरीत कुठलीही भरलेली रांग सुमारे ६३ टक्के शक्यतेनं सापडतेच. साखळीचं पुढचं काम नेमकं कुठल्यातरी रांगेच्या चोराकडच्या तोंडाशी असतं. म्हणून स्थिर फेऱ्यांत साखळी एक पाऊल पुढं सरकते, आणि एकूण चोऱ्या 'मशीन गुणिले साखळी' च्या पटीत राहतात. (काटेकोर सिद्धतेत यासाठी एक संचित फलन, म्हणजे किती काम बाकी आहे ते मोजणारा आकडा, घेऊन ते दर फेरीला किती घटतं ते बघतात.) वाटपात जी ३६.८ टक्के मशीन बसून राहिली म्हणून आपण हळहळलो, तोच आकडा इथं चालून जातो, कारण चुकलेली चिठ्ठी लगेच परत टाकता येते. वाटपात चिठ्ठी पडली की पडली.

---

पिरनवाडी

चालवायच्या आधी दोन गोष्टी बघा, सर.

एक, रँडमचं बीज (ज्या आकड्यापासून रँडम आकड्यांची माळ सुरू होते तो). लॅबची ३२ मशीन एकाच डिस्कच्या प्रतीवरून उभी केलेली असतात. पोरांनी प्रोग्रॅममध्ये ठरावीक बीज लिहिलं असेल, किंवा घड्याळाचा सेकंद बीज म्हणून घेतला असेल आणि सगळी एकदमच सुरू केली, तर ३२ ही मशीन चिठ्ठ्यांची तीच माळ ओढणार. सगळे चोर एकाच घरी. मॅडमनी स्वतंत्रतेचं लिहिलंय ते इथं येऊन चावतं. बीजात मशीनचा नंबर मिसळा.

दोन, वळवाच्या पावसात लाईट जाणार. ज्या मशीनवर पान चालू होतं ते पान गेलं. चोरलेलं पान तर दोघांच्याही यादीत नसतं, मालकानं सोडलेलं आणि चोराचं मेलेलं. म्हणून पूर्ण झालेल्या पानाचं नाव सर्व्हरच्या फाइलीत लिहा, आणि शेवटी जी नावं नाहीत ती परत चालवा.

---

मच्छे_बॉय

बीजाचं आजच बदलतो. एक शेवटचं विचारतो: चोरताना एकच पान उचलायचं की अर्धी रांग?

---

वडगावकर

सिल्कमध्ये एकच उचलतात, पण तिथलं एक काम पुढं फुटून शेकडो होतं, म्हणून एका चोरीत भरपूर मिळतं. आपलं पान फुटत नाही. एकेक उचललंस तर रांग संपलेल्या मशीनला दर ५ सेकंदांनी परत चोरी. सुरुवातीला अर्धी रांग उचल. रांगेत दहाच्या आत पानं उरली की एकेक. शेवटाला अर्धी रांग उचलण्यात अर्थ नाही, तिथं एकेका जाहिरातपानावरच घोडं अडतं.

आणि जाहिरातीची पानं प्रत्येक रांगेत मालकाच्या तोंडाकडं लाव, म्हणजे जड पानं आधी होतील आणि शेपटाला ५ सेकंदवालीच उरतील. मोडीतल्या जमाखर्चाची पानं या यादीतून वगळून वेगळ्या फोल्डरमध्ये टाक. ओसीआर त्यांच्यावर मिनिटं घालवतं आणि हाती कचराच येतो. ती शहापूरच्या काकांकडं जातील, ते वाचतात. सोमवारी सकाळी किल्ल्या मिळतील, दहाला लॅबच्या दारात ये.